मथुरावयनीचं चाक

नाल्याच्या पुलाजवळ आलो तेव्हा मथुरावयनी म्हणाली, "खांदा बदल, बाई."

मी बांबू डाव्या खांद्यावरून उजव्यावर घेतला. तिनंही घेतला. आमच्या दोघींच्या मधे, बांबूला दोरानं बांधलेलं लोखंडी चाक झुलत होतं. ते स्थिर होईपर्यंत आम्ही उभ्या राहिलो. चाक झुलत असताना पाऊल टाकलं की ते माणसाला मागे ओढतं, हे एव्हाना आम्हाला कळलं होतं. मग पुन्हा चालू लागलो.

दिग्रस मागे पडून बराच वेळ झाला होता आणि आमचं गाव अजून दिसत नव्हतं. होळी होऊन गेली होती, ऊन तापायला लागलं होतं. वयनी पुढे, मी मागे. मला तिची पाठ दिसत होती, खांद्यावर ठेवलेली फडक्याची घडी दिसत होती, आणि ते चाक. परातीएवढं, चांगलं जाड, कडेनं साठ दाते. त्याच्या जोडीचं लहान चाक वयनीनं पदरात गुंडाळून कमरेला बांधलं होतं. ते वाटीएवढं होतं आणि त्याला बारा दाते होते.

एस.टी.च्या कंडक्टरनं आम्हाला चढू दिलं नव्हतं.

"हे काय घेऊन राह्यली, बाई? इंजन खोललं का कोणाचं?"

"चाक हाये," वयनी म्हणाली.

"आमच्या गाडीले हायेत चाकं. अजून नाही लागत."

गाडीतले लोक हसले. वयनी हसली नाही आणि रागावलीही नाही. तिनं स्टँडजवळच्या एका दुकानदाराकडून बांबू मागून घेतला, माझ्याकडे एक टोक दिलं आणि चालायला लागली.

मथुरावयनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, श्रावणदादाची बायको. दादा गेला त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. तेव्हापासून तिला हसू येत नव्हतं आणि रडू तर आलंच नव्हतं. जेवलीस का विचारलं तर जेवली म्हणायची, झोपलीस का विचारलं तर झोपली म्हणायची. त्यापुढे बोलणं जायचं नाही. माझंही तसंच होतं. मी सातवी पास होऊन घरी बसले होते. सकाळ-संध्याकाळ त्रिशरण म्हणायचे, आणि म्हणून झालं की आपण म्हटलं की नाही ते आठवायचं नाही.

छप्पन साली आमच्या वस्तीनं धम्म घेतला. नागपूरहून माणसं पांढऱ्या कपड्यांत परत आली, आणि त्यानंतर वस्तीनं दोन गोष्टी सोडल्या. मेलेलं जनावर ओढणं सोडलं. आणि गावच्या विहिरीपासून लांब घागर ठेवून, कोणी वरून पाणी ओतेल म्हणून वाट पाहत उभं राहणं सोडलं. पहिलं काम नाही केलं की झालं. पाण्याचं तसं होत नाही. आम्ही नाल्याच्या वाळूत झिरे खणून त्यातून वाटीवाटीनं पाणी भरायचो, आणि उन्हाळ्यात तेही आटायचे. म्हणून मोठेबाबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाच्या जमिनीच्या तुकड्यात विहीर खणायला घेतली. मोठेबाबांचं नाव नागोराव. वस्तीत त्यांचा शब्द चालायचा. रोजाचं काम नसेल त्या दिवशी माणसं खाली उतरून खणायची आणि बाया वर ओढायच्या.

आधी माती लागली, मग मुरूम, मग काळा दगड. दगड फोडून टोपल्यात भरायचा आणि वर घ्यायचा. विहिरीच्या तोंडावर दोन्हीकडे खांब, त्यांवर आडवा लाकडी रूळ, रुळाला दोर गुंडाळलेला, आणि रुळाच्या दोन टोकांना दोन हांडलं. दोन बाया दोन बाजूंनी फिरवायच्या. हांडलाचा एक फेरा झाला की रुळाचा एक फेरा. टोपलं जड असलं की ते खांद्यापर्यंत जाणवायचं.

अठ्ठावनच्या उन्हाळ्यात एका सकाळी भरलेलं टोपलं वर येत होतं. एका हांडलावर वयनी होती, दुसऱ्यावर शेजारची तानाबाई. तानाबाईचा पाय मुरमावरून सरकला आणि ती पडली. सगळं वजन वयनीच्या हातांवर आलं. तिनं ते धरून ठेवलं. मग हांडल सुटलं आणि उलटं गरगर फिरलं. खाली श्रावणदादा होता.

फिरतं हांडल लागून वयनीच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली. ती पुढे वाकडीच जुळली.

तिला कोणी दोष दिला नाही. आमची माय एकदाच म्हणाली, "तिनं धरलं होतं." त्यानंतर माय त्यावर कधी बोलली नाही. पण वस्तीत काळ सांगायची ती एक पद्धत होऊन गेली. मथुराचा हात सुटला त्या साली, मथुराचा हात सुटला त्याच्या आधी. वयनी समोर असली तरी लोक म्हणायचे, आणि तीही ऐकून घ्यायची. खणणं थांबलं. चार पुरुष खोल कोरडी विहीर तशीच राहिली, आणि पोरं-ढोरं पडू नयेत म्हणून तिच्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या.

वयनी मुकुटबनाकडची. तिचा बाप तिकडे एका पाटलाची बैलगाडी हाकायचा. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, मूलबाळ नव्हतं. दादा गेल्यावर ती माहेरी जाईल असं सगळ्यांनी धरलं होतं. ती गेली नाही. कापूस निघाला तसा दिग्रसच्या एका जिनात कामाला लागली. जिन म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना. हंगामभर तिथंच एका खोलीत चार बायांबरोबर राहायची आणि होळीच्या सुमाराला घरी यायची. त्या वर्षी मी तिला आणायला गेले, तर खोलीच्या दाराशी हे चाक उभं होतं.

चाकाची गोष्ट तिनं मला चालताना सांगितली. दोन वर्षांत इतकं बोलणं मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पुढे बघत, एकाच आवाजात सांगत होती.

जिनात मशिनींची ओळ होती. इंजनाकडे मोठं चाक, मशिनीकडे लहान, आणि दोन्हींवरून पट्टा गेलेला. त्यामुळे मशिनीचं चाक भिरभिर फिरायचं, नुसतं पाहिलं तरी चक्कर यावी. एकदा ओल्या कापसाचा गोळा आत गेला आणि ते भिरभिरणारं मशिन जागच्या जागी अडलं. पट्टा वरून घसरत राहिला, जळका वास सुटला. ओंजळभर ओल्या कापसानं इतकं मोठं मशिन अडवलं.

आणि त्याच जिनाच्या कोपऱ्यात कापूस दाबायची जुनी पेटी होती. तिच्यावर धावजी नावाचा म्हातारा असायचा. कमरेतून वाकलेला, कायम खोकणारा. एक हात तोंडावर धरायचा आणि दुसऱ्या हातानं एक लहान चाक फिरवत राहायचा. ते एका मोठ्या चाकाला फिरवायचं, आणि पेटीतला कापूस हळूहळू दगडासारखा दबत जायचा. चार गडी वर चढून नाचले असते तरी तितका दबला नसता.

मशिनींची देखभाल हिरासिंग मिस्त्रीकडे होती. तो जवळच्या तांड्यावरचा. वयनीनं त्याला विचारलं, "मिस्त्री, ह्या धावजीत इतका जोर कुठून येते?"

"भाकरीतून," हिरासिंग म्हणाला. "तू बी खात जाय."

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा तेच विचारलं. नंतर पुन्हा. शेवटी तो कंटाळला. त्यानं कोळशानं दोन्ही चाकांवर एकेक रेघ ओढली आणि धावजीला सांगितलं, "बुढ्ढे, आस्ते फिरव. बाईले शाळा शिकवून राह्यलो."

धावजीनं फिरवलं.

"पाह्य. लहान पाच चक्कर मारते, तवा मोठं एक मारते. पाच चकरांची मेहनत एका चकरीत भरली. जोर भेटला, पण टाइम गेला. तिकडं इंजनाकडं उलटं हाय. तिथं जोर दिला अन चाल घेतली. म्हणून तं ओल्या कापसानं बंद पडते. दोन्ही एकदम नाही भेटत, बाई. भगवान बी नाही देत."

"अन हात सुटला तं?"

हिरासिंगला तिचं काही माहीत नव्हतं. तो म्हणाला, "लहान चाकावर वजनाचा पाचवा हिस्साच येते. एकटा माणूस बी थोपवून धरते. अन दात्यात अडकणारा खटका लावला, तं हात सोडून तंबाखू मळत बस. वजन जागचं हालत नाही."

वयनीनं हे मला सांगितलं आणि खांद्यावरची फडक्याची घडी नीट केली.

पुढच्या हंगामात जिनात नवी पेटी आली आणि जुनीची चाकं भंगारात पडली. मोठ्या चाकाचा एक दात तुटला होता. वयनीनं ती मागितली. हिरासिंगनं जिनाच्या मॅनेजरला विचारलं, मॅनेजर म्हणाला न्या. हिरासिंगनं तुटक्या दाताच्या जागी भोक पाडून पोलादाची खुंटी घट्ट बसवली आणि कानशीनं घासघासून तिला दाताचा आकार दिला. त्याचं ते काम पुरं होईपर्यंत, गावाकडे येणाऱ्या एका गाडीवाल्याबरोबर लोखंडी दांडे, हांडलं आणि खटका पुढे पाठवून झालं होतं. चाकं मात्र मागे राहिली, ती आम्हाला आणावी लागली.

"म्हातारीले दात बसवला," चाक हवाली करताना हिरासिंग म्हणाला होता. "पहिले पहिले कडक नको चारू."

मोहाच्या झाडाखाली आम्ही थांबलो. वयनीनं चाक खाली टेकवू दिलं नाही. दात्यांत माती जाईल म्हणून तिनं ते मांडीवर घेतलं आणि तो नवा दात अंगठ्यानं चाचपत बसली.

मी विचारलं, "वयनी, विहिरीवर लावणार हे?"

"हो."

"पण उतरते कोण आता खाली?"

"पाहू," ती म्हणाली आणि उठली.

गावात शिरलो तेव्हा ऊन उतरलं होतं. माय दारात होती. तिनं चाकाकडे पाहिलं, वयनीकडे पाहिलं, आणि आत जाऊन आमच्यासाठी पाणी आणलं.

मोठेबाबा आधी नाही म्हणाले. मग चाकाभोवती दोनदा फिरून आले आणि म्हणाले, लावून तर पाहू. त्यांचा मुलगा पंजाबराव आणि आणखी दोघे मदतीला आले. काट्या बाजूला केल्या. जुने खांब अजून मजबूत होते. रुळाला एक दांडा, त्याच्याजवळ हांडलाचा दुसरा दांडा, आणि दोन्हींवर एकेक चाक, दात्यांत दाते अडकवून. कोणतं चाक कुठं, हे वयनीनं सांगितलं.

"मोठं हांडलाकडं," ती म्हणाली. "जिनात इंजनाकडं मोठं राह्यते. इथं आपणच इंजन."

मोठेबाबांनाही ते पटलं. "गाडीचं बी तसंच," ते म्हणाले. "चाक जितकं मोठं तितकी बैलाले हलकी." वयनी गाडीवाल्याची लेक, तिनं मान हलवली.

रिकामं टोपलं खाली सोडलं आणि वयनीनं हांडल फिरवलं. दोन-चार फेऱ्यांतच टोपलं सरसरत वर आलं. बाया ओरडल्या. पंजाबराव म्हणाला, "वा वयनी! याच्यापुढं एस.टी. काय चालते!"

मग एक गडी खाली उतरला, टोपल्यात दगड भरून वर आला. आता विहिरीत कोणी नव्हतं. वयनीनं हांडल धरलं. ते हललं नाही. पंजाबराव दुसऱ्या बाजूनं लागला. थोडं हललं. तिसरा माणूस येऊन त्यावर अंग टाकून लोंबकळला तेव्हा टोपलं तळावरून उचललं गेलं, हातभर वर आलं, आणि मग तिघांच्याही हातातून हांडल निसटलं. खटका अजून बसवायचा होता. हांडल उलटं फिरलं, तिघंही बाजूला झाली, आणि खालून दगडाचा आवाज आला.

तो आवाज आम्ही सगळ्यांनी आधी ऐकलेला होता. माय उठून घरी निघून गेली.

वयनी म्हणाली, "दोर तुटला का पाहा."

दोर तुटला नव्हता. माणसं हळूहळू पांगली. मोठेबाबा जाताना म्हणाले, "काट्या टाकून ठेवा परत." पण कोणी टाकल्या नाहीत. मी आणि वयनी तिथंच राहिलो. तिनं टोपल्यापासून दोर सोडून घेतला आणि मोकळं हांडल हळूच एकदा फिरवलं. रूळ गरगर फिरला. पुन्हा एकदा फिरवलं. मग चुलीतला कोळसा आणायला मला पाठवलं आणि दोन्ही चाकांवर रेघा ओढल्या. मी रुळाकडची रेघ पाहत बसले, ती हांडलाकडची.

"किती?" तिनं विचारलं.

"तुझी एक, इकडं पाच."

तिनं हाताला लागलेला कोळसा पुसला.

"उलटं लावलं," ती म्हणाली. "आपण इंजन नाही, बाई. आपण धावजी."

दुसऱ्या दिवशी खिळी काढून चाकांची अदलाबदल केली. लहान हांडलाकडे आलं, मोठं रुळाकडे गेलं, आणि खटकाही बसवला. या वेळी बघायला फारसं कोणी आलं नाही. मोठेबाबा आले, पंजाबराव आला. वयनीनं तेच दगडानं भरलेलं टोपलं वर घ्यायला सुरुवात केली. एकटीनं. हांडल फिरत होतं आणि टोपलं जवळजवळ दिसूही नये इतक्या सावकाश वर येत होतं. खटका प्रत्येक दात्यावरून टक करून पडायचा. नवा दात आला की आवाज थोडा वेगळा यायचा.

"टोपलं वर येईस्तोवर माहं पोरगं मॅट्रिक होते," पंजाबराव म्हणाला.

"होऊ दे," वयनी म्हणाली. तिला धाप लागली नव्हती. टोपलं अर्ध्यावर असताना तिनं हांडल सोडलं आणि दोन्ही हात पदराला पुसले. टोपलं तिथंच लटकत राहिलं. मोठेबाबांनी पुढे होऊन दोर हातानं दाबून पाहिला.

टोपलं वर आलं. मोठेबाबांनी त्यातला एक दगड उचलून बाहेर टाकला आणि विहिरीच्या काठावर बसले. मग म्हणाले, "चांगलं हाये. पाडव्यापासून खणू."

"हो मामाजी," वयनी म्हणाली.

"पण हांडलावर तू नको, मथुरा."

तिनं खटका दात्यात बसला आहे का ते बोटानं दाबून पाहिलं.

"मले काही वाटत नाही," मोठेबाबा म्हणाले. "खाली उतरणाऱ्याले वाटते. वर कोण हाये, हे पाहून माणूस उतरते."

"वर खटका हाये, मामाजी. खाली सोडतानाच तेवढा उचलून धरावा लागते."

"तेच तं म्हणतो. वर आणताना खटका, पण खाली सोडताना हातच." ते उठले. त्यांना ते बोलायचं नव्हतं असं मला आजही वाटतं, पण बोलले. "तुह्या हाताखाली कोणी उतरत असन तं उतरो. मी नाही म्हणणार नाही. पण मी कोणाले सांगणार बी नाही."

वयनीनं पंजाबरावाकडे पाहिलं. तो दोराची गाठ बघू लागला. मग वावरात काम आहे म्हणून बापाच्या मागोमाग गेला. दुपारी वयनी तानाबाईच्या घरी गेली. तानाबाईनं तिला बसायला पोतं दिलं आणि नवऱ्याची कंबर धरली आहे म्हणून सांगितलं. आणखी दोन घरी गेली. कोणी वाकडं बोललं नाही. सगळ्यांनी चाकाचं कौतुक केलं.

संध्याकाळी आम्ही दोघी दिवा लावून त्रिशरण म्हणायला बसलो. माय मागे भिंतीला टेकून बसली होती. माझं म्हणून झालं. वयनीचे ओठ हलत होते की नाही ते मला दिसलं नाही. ती हात जोडून बसली होती, आणि जोडलेल्या हातांतली ती दोन वाकडी बोटं दुसऱ्या बोटांना लागत नव्हती.

मायनं दिव्यात तेल घातलं आणि बाहेर गेली.

वयनी माझ्याकडे वळली. चालताना खांदा बदल म्हणाली होती, त्याच आवाजात बोलली.

"बाई, सकाळी तू बस टोपल्यात. तुले तळापर्यंत खाली सोडीन अन वर घेईन. हांडल मी एकटीच धरीन. बसशील का?"